वाचकांचे प्रश्न : काम सुटल्यानंतर हक्काचे काय मिळते?

या अंकासाठी निवडलेली पत्रे वर्धा, यवतमाळ, चंद्रपूर आणि गोंदिया या जिल्ह्यांतून आली आहेत. प्रत्येकाची परिस्थिती वेगळी असली तरी विचारणा एकच आहे : हातचे काम गेले, आता सरकारकडून बेकारी भत्ता मिळेल का? आपल्याकडे केवळ बेकार आहे म्हणून कोणालाही दरमहा रक्कम मिळत नाही. जे मिळते ते दोन गोष्टींवर ठरते. पगारातून आजवर काय कापले गेले आणि कोठे भरले गेले, ही पहिली. काम सुटताना त्याचे कारण कागदावर काय लिहिले गेले, ही दुसरी. पहिल्या गोष्टीकडे कामगाराचे थोडेफार लक्ष असते. दुसरी मात्र गेटवर घाईघाईत केलेल्या एका सहीने ठरून जाते, आणि तिचे मोल पुढे कितीतरी महिन्यांनी कळते. म्हणून पहिल्या पत्राचे उत्तर मी मुद्दाम सविस्तर देत आहे.

प्रश्न : मी सेलू तालुक्यातील एका खेड्यात राहतो. बुटीबोरीच्या एका कारखान्यात ठेकेदारामार्फत साडेतीन वर्षे कामाला होतो. महिन्याला बारा-तेरा हजार रुपये पडत आणि त्यातून पीएफ व ईएसआय कापला जाई. 12 जानेवारीला ठेकेदाराच्या सुपरवायझरने आम्हा सात जणांना गेटवरच थांबवले, काम कमी झाल्याचे सांगितले आणि हिशेब हवा असेल तर सही करा म्हणून एक छापील कागद पुढे केला. मी सही केली. आता गावात कोणी म्हणते, ईएसआयकडून तीन महिने पैसे मिळतात. कोणी म्हणते, राजीनामा दिल्यावर काहीच मिळत नाही. खरे काय ते कळवावे. कागदाची झेरॉक्स सोबत पाठवली आहे.

उत्तर : आपण पाठवलेली झेरॉक्स मी दोनदा वाचली. वर 'मी माझ्या वैयक्तिक अडचणीमुळे स्वखुशीने काम सोडत आहे' हे वाक्य छापलेले आहे, त्याखाली आपले नाव दुसऱ्याच कोणाच्या अक्षरात भरले आहे, सही आपली आहे आणि तारखेची जागा कोरी आहे. गावातले दोन्ही सल्ले अर्धे खरे आहेत, आणि त्यांच्यामध्ये नेमका हा कागद उभा आहे.

कर्मचारी राज्य विमा महामंडळाची, म्हणजे ज्याला आपण ईएसआय म्हणतो त्याची, अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना 1 जुलै 2018 रोजी प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. विमाधारक कामगाराचे काम गेले तर त्याच्या सरासरी रोजच्या कमाईच्या 25 टक्के रक्कम जास्तीत जास्त 90 दिवस द्यावी, असे तिचे मूळ स्वरूप होते. करोनाच्या टाळेबंदीच्या काळात, 24 मार्च 2020 पासून, हा दर 50 टक्के करण्यात आला आणि दाव्यासाठी काम गेल्यापासून 90 दिवस थांबण्याची अट 30 दिवसांवर आणण्यात आली. त्यानंतर योजनेला वेळोवेळी मुदतवाढ मिळत गेली. ती ठरावीक मुदतीपुरती चालते, म्हणून आपले काम सुटल्याची तारीख चालू मुदतीत बसते का, हा प्रश्न शाखा कार्यालयात सर्वांत आधी विचारावा. हा लाभ आयुष्यात एकदाच मिळतो, हेही ध्यानात ठेवावे.

पात्रतेच्या अटी आपल्या बाबतीत अशा लागतील. काम जाण्यापूर्वीची सलग दोन वर्षे आपण विमाधारक असले पाहिजे, आणि साडेतीन वर्षांच्या नोकरीमुळे ती अट पूर्ण होते. ईएसआयच्या अंशदानाचे, म्हणजे भरल्या जाणाऱ्या वर्गणीचे, कालावधी दोन आहेत, 1 एप्रिल ते 30 सप्टेंबर आणि 1 ऑक्टोबर ते 31 मार्च. काम सुटण्याच्या लगतच्या आधीच्या कालावधीत, म्हणजे आपल्या बाबतीत गेल्या एप्रिल ते सप्टेंबर या सहा महिन्यांत, किमान 78 दिवसांचे अंशदान भरलेले हवे आणि त्याआधीच्या तीन कालावधींपैकी कोणत्याही एकात पुन्हा 78 दिवसांचे. सहा महिन्यांत 78 दिवस म्हणजे महिन्याला तेरा दिवस. पेरणीच्या दिवसांत आपण महिनाभर घरी राहिला असलात तरी ही अट बहुधा पूर्ण होईल.

रकमेचा हिशेब साधा आहे. मागील चार कालावधींची, म्हणजे दोन वर्षांची, एकूण कमाई घ्यायची, तिला 730 दिवसांनी भागायचे आणि येणाऱ्या आकड्याचे निम्मे करायचे. समजा, दोन वर्षांत आपल्या नावावर 3,06,600 रुपये मजुरी नोंदली गेली आहे. त्याची रोजची सरासरी 420 रुपये होते, निम्मे 210 रुपये आणि 90 दिवसांचे 18,900 रुपये. यात कमाई धरली जाते ती महामंडळाकडे नोंदलेली. ओव्हरटाइमचे जे पैसे ठेकेदार पाकिटातून रोख देत असे, ते या हिशेबात धरले जाणार नाहीत.

आता त्या कागदाकडे वळू. स्वतःहून काम सोडून जाणारा, स्वेच्छानिवृत्ती घेणारा, गैरवर्तनाच्या शिक्षेमुळे काढला गेलेला आणि निवृत्तीच्या वयाला पोहोचलेला, हे या योजनेत बसत नाहीत. बेकायदा ठरवलेल्या संपात असलेलाही बसत नाही. ठेकेदाराने ऑनलाइन नोंदीत आपल्या नावापुढे 'सेवा सोडली' असे कारण टाकले असेल आणि विचारणा झाल्यावर हा छापील कागद पुढे केला, तर आपला दावा तेथेच अडेल. तसे होऊ नये यासाठी दोन कामे याच आठवड्यात करावीत.

पहिले काम असे की, आपण सातही जणांनी मिळून ठेकेदाराला आणि त्याची प्रत मूळ कारखान्याच्या व्यवस्थापनाला साध्या शब्दांत पत्र लिहावे : अमुक तारखेला काम कमी झाल्याचे सांगून आम्हाला गेटवर थांबवले, हिशेबाचे पैसे मिळण्यासाठी सही करणे भाग आहे असे सांगितल्यामुळे छापील कागदावर सही केली, आम्ही काम सोडलेले नाही आणि आजही कामावर यायला तयार आहोत. पत्र स्पीड पोस्टाने पाठवावे आणि पावती जपून ठेवावी. सात माणसांना एकाच सकाळी, एकाच गेटवर, एकाच छापील वाक्यातली 'वैयक्तिक अडचण' येत नाही, हे तपासणाऱ्या कोणत्याही अधिकाऱ्याच्या लक्षात येईल. म्हणूनच सातही जणांनी एकत्र राहणे महत्त्वाचे आहे. एकाने वेगळी तडजोड केली की उरलेल्या सहांची बाजू पातळ होते.

दुसरे काम कामगार कार्यालयात तक्रार देण्याचे. कामगार कपातीचे नियम आपल्याला लागू होतात, कारण एक वर्षाहून अधिक सलग सेवा झालेल्या कामगाराला एक महिन्याची नोटीस किंवा तिच्या बदल्यात पगार, आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचे सरासरी वेतन दिल्याशिवाय कमी करता येत नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या चार कामगार संहितांनीही हे तत्त्व कायम ठेवले आहे. वेतन संहितेप्रमाणे कामावरून काढलेल्याचा किंवा राजीनामा दिलेल्याचा राहिलेला पगार दोन कामकाजाच्या दिवसांत चुकता करायचा आहे, म्हणजे 'सही कर, मग हिशेब देतो' या अटीला कायद्यात मुळीच जागा नाही. औद्योगिक संबंध संहितेत कपात झालेल्या कामगारासाठी शेवटच्या 15 दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम मालकाने पुनर्कौशल्य निधीत, म्हणजे नवे काम शिकण्यासाठीच्या निधीत, भरावी आणि ती 45 दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हावी, अशीही तरतूद आहे. काढून टाकल्याच्या वादासाठी दोन वर्षांची मुदत आहे. पण मुदत आहे म्हणून थांबू नये, कारण चार महिन्यांनी केलेल्या तक्रारीत गेटवरचा तो दिवस पुसट झालेला असतो. वकिलाच्या फीची चिंता असेल तर जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. औद्योगिक कामगाराला तेथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. दूरध्वनी क्रमांक 15100.

अटल योजनेचा दावा काम सुटल्यापासून 30 दिवस उलटल्यावर महामंडळाच्या संकेतस्थळावर आपल्या विमा क्रमांकाने करायचा आहे. ठेकेदाराने तो पुढे पाठवण्याची वाट पाहू नये, कारण तो थेट शाखा कार्यालयात देता येतो. आधार, बँक पासबुक आणि विमा क्रमांक या तिन्हींवर नाव अक्षर न् अक्षर सारखे आहे का, हे आधी पाहावे. आपल्याकडे वडिलांचे नाव एका कागदावर 'राव'सह आणि दुसऱ्यावर 'राव'शिवाय लिहिलेले असते, आणि एवढ्याशा फरकावरून दावा परत येतो. दाव्यात कारण लिहिताना जे घडले तेच लिहावे, कारण खोटी माहिती देऊन लाभ घेणे हा गुन्हा आहे. येथे खरे कारणच आपल्या बाजूचे आहे, त्यामुळे ते वळवून लिहिण्याची गरज नाही.

आणखी एक शंका आपण विचारलेली नाही, पण ती पुढे येऊ शकते. पगारातून ईएसआय कापला आणि ठेकेदाराने भरलाच नाही, असे आढळले तर घाबरू नये. अंशदान भरण्याची पहिली जबाबदारी मूळ कारखानदाराची आहे, आणि मालकाच्या कसुरीमुळे कामगाराचा लाभ बुडत असेल तर महामंडळ कामगाराला लाभ देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. त्यासाठी पगारचिठ्ठ्या, आणि त्या नसतील तर बँक खात्यात जमा झालेल्या पगाराच्या नोंदी हाताशी ठेवाव्यात. शिवाय गेल्या एप्रिल ते सप्टेंबरच्या अंशदानावर 1 जानेवारी ते 30 जून या काळातला वैद्यकीय लाभ चालू राहतो. काम सुटले म्हणून कार्ड निकामी झाले असे समजून घरच्या आजारपणाला खाजगी दवाखान्यात कर्ज काढू नये. नागपूरला सोमवारी पेठेतले कामगार विमा रुग्णालय आपल्यासाठी अजूनही खुले आहे.

प्रश्न : मी वणी तालुक्यातील एका जिनिंगमध्ये नऊ हंगाम रेच्यावर, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रावर, कापूस टाकण्याचे काम केले. दसरा-दिवाळीला काम सुरू होई आणि होळीच्या मागेपुढे संपे. यंदा कापूस ओढणारे पाइप बसवले म्हणून आम्हा बायकांना बोलावलेच नाही. मुकादम म्हणतो, हंगामी बाईला काही मिळत नाही. माझ्याकडे फक्त हजेरीची डायरी आहे. मला काही मिळेल का?

उत्तर : ताई, मुकादमाचे म्हणणे अर्धे खरे आहे आणि जे अर्धे खोटे आहे त्यातच आपला पैसा अडकला आहे.

खरे ते आधी सांगतो. वरच्या पत्रात ज्या ईएसआयची चर्चा झाली, तिच्या कायद्यातून हंगामी कारखाने वगळलेले आहेत. हंगामी कारखाना म्हणजे काय, याच्या व्याख्येत कापसाचे जिनिंग आणि प्रेसिंग ही कामे नावानिशी लिहिलेली आहेत. कपाशीवर जगणाऱ्या आपल्या भागात हजारो हात ज्या कामात आहेत, तेच काम या संरक्षणाच्या बाहेर राहिले आहे. ही गोष्ट मला फार अन्यायाची वाटते, पण आज कायदा तसा आहे आणि आपल्याला तीन महिन्यांचा भत्ता मिळणार नाही.

ग्रॅच्युइटीचे, म्हणजे काम सुटताना सेवेच्या वर्षांवर मालकाने द्यायच्या एकरकमी पैशाचे, मात्र तसे नाही. दहा किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या ठिकाणी ती लागू होते, आणि हंगामी कामगारासाठी कायद्याने वेगळा दर ठरवला आहे : प्रत्येक हंगामामागे सात दिवसांची मजुरी. सलग सेवा मोजतानाही हंगामी कामगाराला वर्षातले 240 दिवस भरावे लागत नाहीत. जिनिंग जितके दिवस चालू होते त्यांपैकी 75 टक्के दिवस हजेरी असली की ते वर्ष भरले. अशी पाच वर्षे झाल्यावर हक्क तयार होतो, आणि आपले तर नऊ हंगाम झाले आहेत. शेवटची मजुरी रोजी 350 रुपये होती असे धरले तर 350 गुणिले 7 गुणिले 9, म्हणजे 22,050 रुपये होतात. आपला खरा रोज त्यात घालून हिशेब करावा.

'फक्त डायरी आहे' असे आपण लिहिले आहे, पण पत्रासोबत त्या डायरीच्या ज्या दोन पानांचे फोटो पाठवलेत ते पाहून मला समाधान वाटले. प्रत्येक तारखेपुढे उभी रेघ, अर्ध्या दिवसाला आडवी, रात्रपाळीला गोल, आणि दर शनिवारी उचल घेतलेली रक्कम मुकादमाच्या अक्षरात लिहिलेली आहे. मुकादमाच्या अक्षरातले ते आकडे हा पुरावाच आहे. डायरी कोणाच्याही हातात देऊ नये, अगदी 'साहेबांना दाखवून आणतो' असे म्हणणाऱ्याच्याही नाही. सर्व पानांच्या झेरॉक्स काढून मूळ प्रत घरी पेटीत ठेवावी. आपल्याबरोबर रेच्यावर उभ्या राहणाऱ्या बायकांच्या डायऱ्याही एकत्र कराव्यात, कारण एकीच्या नोंदीला दुसरीच्या नोंदीचा आधार मिळतो.

जिनिंगच्या मालकाकडे ग्रॅच्युइटीचा विहित नमुन्यातला अर्ज करावा. तो काम सुटल्यापासून 30 दिवसांत करायचा असतो, पण उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही. उशिराचे कारण अर्जातच लिहावे. आपल्याला काढल्याचे कोणी लेखी दिलेले नाही, म्हणून 'या हंगामात कामावर बोलावले नाही आणि विचारले असता काम नाही असे सांगितले' हे वाक्य तारखेसह अर्जात असू द्यावे. मालकाने नकार दिला किंवा ती मुकादमाची माणसे असे म्हटले, तर ग्रॅच्युइटीसाठी नेमलेल्या प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते. त्याचा पत्ता जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात मिळेल. आपल्यालाही विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत वकील मिळेल, कारण स्त्रियांसाठी तेथे उत्पन्नाची अट नाही.

शेवटी पीएफ. जिनिंगमध्ये वीस किंवा अधिक माणसे असतील तर भविष्य निर्वाह निधीचा कायदा हंगामी कामालाही लागू होतो. आपल्या आधार क्रमांकावर कोणी यूएएन, म्हणजे पीएफ खात्याचा कायमचा क्रमांक, काढलेला आहे का, हे पाहून घ्यावे. भविष्य निर्वाह निधी संघटनेचे शिबिर दर महिन्याच्या 27 तारखेला जिल्ह्यात भरते, तेथे आधार कार्ड घेऊन गेले तर समोरच पाहून मिळते आणि कोणाला पैसे द्यावे लागत नाहीत.

प्रश्न : यवतमाळच्या एका खाजगी रुग्णालयात मी आठ वर्षे आठ महिने परिचारिका होते. सासूबाई अंथरुणाला खिळल्यामुळे मी स्वतःच राजीनामा देऊन गावी आले. मूळ पगार 10,400 रुपये होता. पीएफ पूर्ण काढून घ्यावा असे घरचे म्हणतात. रुग्णालयाने पीएफच्या नोंदीत अजून बाहेर पडल्याची तारीख टाकलेली नाही. शिवाय राजीनामा दिल्यामुळे ग्रॅच्युइटी मिळणार नाही, असे तेथील लेखापालाने सांगितले. हे बरोबर आहे का?

उत्तर : ताई, लेखापालाचे म्हणणे बरोबर नाही. पाच वर्षांची सलग सेवा झाली की राजीनामा देणाऱ्यालाही ग्रॅच्युइटी द्यावीच लागते. महिन्याच्या वेतनाला 26 ने भागायचे, 15 ने गुणायचे आणि सेवेच्या वर्षांनी गुणायचे. सहा महिन्यांहून अधिक काळ पूर्ण वर्ष धरला जातो, म्हणून आपली वर्षे नऊ. 10,400 भागिले 26 म्हणजे 400, त्याचे 15 दिवस म्हणजे 6,000, आणि नऊ वर्षांचे 54,000 रुपये. आजच अर्ज करावा. अर्ज मिळाल्यापासून 30 दिवसांत रक्कम देणे मालकावर बंधनकारक आहे.

ईएसआयचा बेकारी लाभ मात्र आपल्याला मिळणार नाही, कारण आपण स्वतःहून काम सोडले आहे. सासूबाईंच्या सेवेचे कारण कितीही मोठे असले तरी नियम त्याची दखल घेत नाही. ओळखीचे कोणी 'मालकाकडून कपात लिहून आणा, मी करून देतो' असे म्हणाले तर त्या वाटेला जाऊ नये.

पीएफ पूर्ण काढण्याबाबत मी आपल्याला थांबा असेच म्हणेन. नोकरी सुटल्यावर एक महिन्याने 75 टक्के आणि दोन महिन्यांनी उरलेली रक्कम मिळे, हा नियम लोकांच्या तोंडी बसला आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये निधीच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने तो बदलण्याचा निर्णय घेतला : 75 टक्के रक्कम लगेच काढता यावी, पूर्ण हिशेब मात्र बारा महिन्यांच्या बेकारीनंतर व्हावा आणि पेन्शनची रक्कम छत्तीस महिन्यांनी काढता यावी. त्यामुळे अर्ज भरण्याच्या दिवशी संकेतस्थळावर कोणता पर्याय दिसतो, तो पाहूनच घरचा हिशेब मांडावा.

त्याहून महत्त्वाची गोष्ट पेन्शनची आहे. पीएफच्या पैशाबरोबर फॉर्म 10-सी भरून पेन्शनची रक्कमही काढून घेतली, की आजवरची आठ वर्षे आठ महिन्यांची सेवा पुसली जाते. पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते, पण साडेनऊ वर्षे झाली की ती दहा धरली जातात. म्हणजे पुढे कधीही, कोणत्याही रुग्णालयात आणखी दहा महिने आपण याच यूएएनवर काम केले, तर 58 व्या वर्षापासून जन्मभराच्या पेन्शनचा हक्क तयार होतो. आपण परिचारिका आहात, घरची अडचण सरल्यावर दहा महिन्यांचे काम मिळणे अशक्य नाही. म्हणून निकडीपुरती पीएफची रक्कम काढावी, पेन्शनसाठी मात्र पैसे न घेता योजना प्रमाणपत्र, म्हणजे आजवरची सेवा जमा ठेवणारा दाखला, घ्यावे. नवऱ्याला आणि दिरांना हे समजावून सांगावे लागेल, याची मला कल्पना आहे. हा अंकच त्यांच्यासमोर ठेवावा.

बाहेर पडल्याची तारीख रुग्णालयाने टाकली नाही, तर शेवटच्या अंशदानाला दोन महिने झाल्यावर ती यूएएनच्या खात्यात आधारच्या ओटीपीने आपण स्वतः टाकू शकता. त्यासाठी मालकाच्या मागे फिरण्याची गरज उरलेली नाही. सेवा पाच वर्षांहून जास्त असल्यामुळे या रकमेतून आयकर कापला जाणार नाही.

प्रश्न : हिंगणघाट तालुक्यातील आमची सूतगिरणी बंद झाली. मी एकोणीस वर्षे साच्यावर होतो, ईएसआय नियमित कापला जात होता. व्यवस्थापन म्हणते, कापसाच्या भावामुळे तोटा झाला, तो आमच्या हातात नव्हता, म्हणून तीन महिन्यांच्या पगारापलीकडे भरपाई बसत नाही.

उत्तर : आपल्यासाठी अटल योजनेपेक्षा राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना अधिक लाभाची आहे. 1 एप्रिल 2005 पासूनची ही योजना कारखाना बंद पडणे, कामगार कपात किंवा कामाबाहेरच्या दुखापतीमुळे आलेले किमान 40 टक्के कायमचे अपंगत्व, या कारणांनी बेकार झालेल्या विमाधारकासाठी आहे. पहिले बारा महिने सरासरी रोजच्या वेतनाच्या 50 टक्के आणि पुढचे बारा महिने 25 टक्के मिळतात, आणि त्या काळात स्वतःला व कुटुंबाला औषधोपचारही मिळतो. शाखा कार्यालयात अर्ज करताना गिरणी बंद झाल्याच्या सूचनेची प्रत जोडावी.

भरपाईला तीन महिन्यांच्या सरासरी वेतनाची मर्यादा लागते ती बंदीचे कारण मालकाच्या नियंत्रणाबाहेरचे आणि अटळ असेल तेव्हाच. नुसती आर्थिक अडचण, तोटा किंवा न विकला गेलेला माल हे तसे कारण धरता येत नाही, असे कायद्यातच स्पष्ट लिहिले आहे. तेव्हा कापसाच्या भावाचे कारण येथे चालणार नाही. प्रत्येक वर्षामागे 15 दिवस, याप्रमाणे एकोणीस वर्षांची भरपाई आणि तितक्याच वर्षांची वेगळी ग्रॅच्युइटी मागावी. एकीच्या नावाखाली दुसरी बुडवू देऊ नये.

प्रश्न : मोबाइलवर संदेश आला की ई-श्रम कार्ड असलेल्या सुशिक्षित बेरोजगारांना दरमहा भत्ता सुरू झाला आहे, नोंदणीसाठी 500 रुपये भरावेत. भरावे का? (वरोरा तालुका, जिल्हा चंद्रपूर)

उत्तर : भरू नयेत. 26 ऑगस्ट 2021 पासूनची ई-श्रम ही असंघटित कामगारांची नोंदणी आहे, तिच्यात बेकारी भत्ता नाही, आणि राज्याच्या महास्वयं संकेतस्थळावरची रोजगार नोंदणीही विनामूल्य आहे. पैसे भरून झाले असतील तर 1930 या क्रमांकावर लगेच तक्रार करावी, कारण पहिल्या काही तासांतच रक्कम गोठवता येण्याची आशा असते.

प्रश्न : पुण्याचे काम सुटल्यामुळे आम्ही नवरा-बायको अर्जुनी मोरगाव तालुक्यातील गावी परतलो. धान कापणी झाली, आता हाताला काम नाही. जॉब कार्ड आहे. ग्रामरोजगार सेवकाला तीनदा तोंडी विचारले, तो 'कामे निघाली की सांगतो' म्हणतो. रोजगार हमीत काम न दिल्यास भत्ता मिळतो असे ऐकले, ते खरे आहे का?

उत्तर : खरे आहे, आणि हा हक्क महाराष्ट्राला नवा नाही, आपल्या राज्याने 1977 मध्येच रोजगार हमीचा स्वतःचा कायदा केला. केंद्राच्या 2005 च्या कायद्यानुसार मागणी केल्यापासून 15 दिवसांत काम दिले नाही, तर पहिल्या 30 दिवसांसाठी मजुरीच्या किमान एक चतुर्थांश आणि त्यानंतर किमान निम्मी रक्कम भत्ता म्हणून द्यावी लागते. 2025-26 साठी महाराष्ट्राचा दर 312 रुपये ठरला होता, म्हणजे सुरुवातीच्या दिवसांचा भत्ता रोजी किमान 78 रुपये होतो. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने त्या कायद्याच्या जागी 125 दिवसांची हमी देणारा नवा कायदा मंजूर केला. मागणीनंतर 15 दिवसांत काम न मिळाल्यास भत्ता, हे तत्त्व त्यातही आहे.

पण हे 15 दिवस मोजायचे कोठून? आपण तीनदा विचारलेत, तिन्ही वेळा तोंडी. कायद्याच्या लेखी आपण अजून काम मागितलेलेच नाही. कामाची मागणी नमुना 4 मध्ये लेखी करायची असते आणि तिची तारखेसह पोच नमुना 5 मध्ये मिळते. ते 15 दिवस त्या पोचेवरच्या तारखेपासून मोजले जातात. बहुतेक गावांत भत्ता मिळत नाही तो याच कारणाने : पोच दिली की जबाबदारी अंगावर येते, म्हणून पोच द्यायचीच टाळली जाते. त्यामुळे एकट्याने जाऊ नये. गावातल्या ज्या ज्या घरांना काम हवे आहे त्यांचे अर्ज एकत्र भरावेत, दोन प्रती कराव्यात आणि दिवसाढवळ्या ग्रामपंचायतीत द्याव्यात. ग्रामरोजगार सेवकाने पोच दिली नाही तर तोच गठ्ठा घेऊन त्याच दिवशी पंचायत समितीत किंवा तहसील कार्यालयात जावे आणि आवक शिक्का मारून घ्यावा. आपल्या दोघांचे अर्ज वेगवेगळे भरावेत, अर्जात किती दिवसांचे काम हवे ते आकड्यात लिहावे आणि शिक्क्याची तारीख वाचता येते की नाही, हे खिडकीवरून हलण्यापूर्वी पाहावे.